चुनखडीच्या उतारांवरून : बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनच्या गावांत

मंगळवार : शाब्ली

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या पांढऱ्या वाइन समजून घ्यायच्या असतील, तर त्या प्रांताच्या उत्तर टोकापासून सुरुवात करून दक्षिणेकडे उतरत यावे, असा सल्ला ल्योंमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या बहिणीने दिला होता. थंड मुलखाकडून उबदार मुलखाकडे, काटक वाइनकडून भरदार वाइनकडे असा तो प्रवास होतो. उलट दिशेने आल्यास भरदारपणाला सरावलेल्या जिभेला उत्तरेकडची वाइन निव्वळ आंबट वाटण्याची भीती असते. म्हणून जूनच्या आरंभी एका मंगळवारी भल्या सकाळी ताई, दाजी आणि मी ल्योंहून निघालो आणि महामार्गावरच्या तीनेक तासांच्या कंटाळवाण्या प्रवासानंतर शाब्ली या गावी पोहोचलो.

या संपूर्ण वाटेवर पांढरी वाइन जवळजवळ सगळीकडे शार्दोने या एकाच जातीच्या द्राक्षापासून होते, हे आधीच सांगितले पाहिजे. पिनो आणि गुए ब्लां या दोन जातींच्या संकरातून शार्दोने जन्मले, हे १९९९मध्ये जनुकीय तपासणीतून स्पष्ट झाले. त्यांतली पहिली जात मानाची, तर दुसरी हलक्या प्रतीची म्हणून शतकानुशतके हिणवली गेलेली. या द्राक्षाला स्वतःचा असा ठसठशीत गंध नाही. मस्कत द्राक्षाची वाइन कुठेही केली, तरी ती आपले नाव पहिल्या वासातच सांगून टाकते. शार्दोने तसे करत नाही, आणि म्हणूनच जमीन, उतार, हवा आणि वाइन करणाऱ्याची पद्धत यांतले फरक तिच्यातून स्वच्छ उमटतात. एकाच द्राक्षाची वाइन गावोगावी चाखायची आणि द्राक्ष तेच असताना बदलते ते काय, हे पाहायचे, एवढाच आमचा बेत होता.

शाब्ली हे सेरँ या लहानशा नदीच्या काठचे गाव आहे. नदीच्या उजव्या तीरावर, नैर्ऋत्येकडे तोंड केलेल्या एकाच सलग उतारावर इथले सातही ग्राँ क्रू मळे, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे तुकडे, ओळीने बसलेले आहेत : ब्लांशो, ले क्लो, वाल्म्यूर, ग्रनुई, व्होदेझीर, प्रोझ आणि बूग्रो. या सर्वांचे मिळून क्षेत्र शंभर हेक्टरांच्या आसपास भरते. त्यांच्या खालोखाल प्रमिए क्रू, मग साधी शाब्ली आणि शेवटी पती शाब्ली अशी उतरंड आहे. आम्ही गाडी नदीकाठी उभी करून ले क्लो मळ्याच्या कडेने चढत गेलो. वेली फुलोऱ्यावर होत्या. द्राक्षाचे फूल इतके बारीक असते की ते दिसण्याआधी त्याचा मंद, गोडसर वास जाणवतो. या फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण शंभर दिवस धरायचे, असा इथला जुना आडाखा आहे.

पायांखालची जमीन पाहण्यासारखी होती. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडी व मातीच्या थरांत स्वल्पविरामाच्या आकाराचे बारीक शिंपले अजूनही सापडतात. या थरांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून किमरिजियन म्हणतात. नाशिककडच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला हा पांढुरका, भुसभुशीत उतार परका वाटतो, कारण आपल्या बागा लाव्हारसातून बनलेल्या काळ्या बेसाल्टवर उभ्या आहेत. मात्र शिंपल्यांची चव मुळांवाटे द्राक्षात येते, ही कल्पना मोहक असली तरी खरी नव्हे. दगडातली खनिजे वाइनमध्ये जिभेला कळतील इतक्या प्रमाणात आणि त्या रूपात उतरत नाहीत. हा थर पाण्याचा निचरा करतो, तरी आत ओल धरून ठेवतो, हे त्याचे खरे काम. शाब्लीला जो ओल्या दगडासारखा, समुद्रकिनाऱ्यासारखा वास येतो, तो खरा आहे. पण तो कसा तयार होतो, याचा उलगडा शिंपल्यांइतका सोपा नाही.

दुपारी एका लहान उत्पादकाकडे आधी वेळ ठरवून चाखायला गेलो. इथे वाइन बहुधा पोलादी टाक्यांत आंबवतात. लाकडी पिंपे वापरलीच तर ती बरीचशी जुनी, स्वतःचा वास गमावलेली. पहिल्या पेल्यात साधी शाब्ली होती. रंग फिकट पिवळा, त्यात हिरवट छटा. वासात लिंबाची साल आणि हिरवे सफरचंद. घोट तोंडात घेतल्यावर आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांना एकदम जागा करतो आणि मग सरळ रेषेत मागे जातो. त्यानंतर सेरँच्या उजव्याच तीरावरची, ग्राँ क्रू टेकडीच्या शेजारच्या मोंते द तोनेर या मळ्याची प्रमिए क्रू आणि शेवटी ले क्लो. मला अपेक्षा होती की दर्जा चढत जाईल तसा वास अधिक उग्र होत जाईल. घडले उलट. ले क्लोचा वास पहिल्या दोघींहून अबोल होता. पण घोट गिळल्यानंतर तिची चव जी मागे राहिली, ती कितीतरी वेळ हलली नाही. फ्रेंच चाखणारे ही लांबी कोदाली नावाच्या एककात मोजतात, आणि एक कोदाली म्हणजे एक सेकंद. त्या उत्पादकाने आम्हाला घड्याळाकडे पाहत गप्प बसायला सांगितले आणि नंतरच बोलू दिले. त्या दुपारपासून मी वासाची यादी करण्याचा नाद कमी केला आणि घोटाच्या नंतरचा काळ ऐकायला लागलो.

“दाजी, एवढी चांगली वाइन, आणि तुम्ही सगळी पिकदाणीत टाकलीत?” मी बाहेर आल्यावर विचारले.

“अरे, परत गाडी कोण हाकणार? आणि खरं सांगू, थुंकली तरी चव राहतेच. राहत नसेल, तर ती वाइन गिळूनही काही उपयोग नाही,” दाजी म्हणाले.

शाब्लीच्या कौतुकात तिथल्या थंडीचा उल्लेख टाळता येत नाही. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर पारा शून्याखाली गेला, की एका रात्रीत वर्षाचे पीक जाते. एप्रिल २०२१ची हिमकडाक्याची रात्र इथे प्रत्येकाच्या बोलण्यात येते. त्यावर उपाय म्हणून ओळींमधून मेणाचे डबे पेटवतात, किंवा वेलींवर रात्रभर पाणी फवारतात. ते पाणी गोठताना जी उष्णता सोडते, तिच्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपास तग धरतो. निफाडला पारा घसरला की बागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, हे मी सांगितल्यावर त्या उत्पादकाने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. महाराष्ट्रात बर्फाशिवाय थंडीची भीती असते, हे त्याला पटायला वेळ लागला. फायलोक्सेरा कीड, महायुद्धे आणि ही थंडी यांच्यापायी १९५०च्या दशकात शाब्लीत जेमतेम ५०० हेक्टरांच्या आसपास वेली उरल्या होत्या. आज त्यांचे क्षेत्र ५,००० हेक्टरांच्या पुढे आहे.

बुधवार : बोन

शाब्लीहून दीड तासावर बोन. हे कोत द बोन या उताराचे मुख्य गाव, आणि इथूनच पुढच्या तिन्ही दिवसांची ये-जा होणार होती. गाव देखणे आहे, पण वाइनच्या दुकानांनी इतके व्यापलेले आहे की सकाळी दहालाच काचेमागच्या किमती वाचून मन थकते.

ओतेल-द्यू मात्र पाहिलेच पाहिजे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याचा चान्सलर, म्हणजे मुख्य मंत्री, निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३मध्ये गरिबांसाठी हे रुग्णालय स्थापन केले आणि १४५२च्या पहिल्या दिवशी तिथे पहिला रुग्ण दाखल झाला. रंगीत, चकचकीत कौलांचे ते प्रसिद्ध छत आतल्या चौकात गेल्याशिवाय दिसत नाही. रस्त्याकडून पाहावे, तर उदास करडी भिंत. रोखीर व्हान देर वेयदेन याने काढलेले अंतिम न्यायाचे भव्य चित्र इथल्याच रुग्णांच्या दालनासाठी होते. या संस्थेला शतकानुशतके द्राक्षमळे दान मिळत गेले, आणि त्या मळ्यांच्या वाइनचा नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होणारा लिलाव १८५९पासून चालत आला आहे. लिलाव बाटल्यांचा नसतो, पिंपांचा असतो. बर्गंडीचे पिंप २२८ लिटरचे, म्हणजे त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात.

जेवताना एका छोट्या भोजनगृहात साधी प्रादेशिक पांढरी बर्गंडी मागवली. ती बर्फाच्या बादलीत आली, आणि पहिल्या दोन घोटांना तिच्यात थंडपणाखेरीज काही नव्हते. ताईने बाटली बादलीतून काढून टेबलावर ठेवायला सांगितले. वीस मिनिटांनी तीच वाइन नाशपातीच्या आणि ताज्या लोण्याच्या वासाने उघडली. भारतात पांढरी वाइन म्हणजे जितकी गार तितकी बरी, अशी आपली समजूत आहे, आणि मे महिन्यातल्या पुण्यात ती समजण्यासारखीही आहे. पण चांगल्या शार्दोनेला बारा ते चौदा अंश सेल्सियस हे तापमान मानवते. त्याहून गार केल्यास आंबटपणा आणि लाकूड तेवढे पुढे येते, बाकीचे दबते. पेलाही अरुंद नको, पोटाशी रुंद असावा.

गुरुवार : मर्सो

बोनच्या दक्षिणेला, सायकलीनेही अर्ध्या तासात गाठता येईल, एवढ्या अंतरावर मर्सो आहे. चर्चचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. या गावाच्या पांढऱ्या वाइनची कीर्ती मोठी असूनही इथे एकही ग्राँ क्रू नाही. पेरिएर, जनव्रिएर आणि शार्म हे तीन प्रमिए क्रू मळे मात्र जाणकारांच्या तोंडी त्याच आदराने येतात. त्यांतला पेरिएर हा वरच्या, दगडाळ भागात असून त्याचे नावच दगडाच्या खाणींवरून पडलेले आहे. १७८७मध्ये फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत असलेला थॉमस जेफरसन या भागातून गेला, तेव्हा मर्सोच्या गूत दोर या मळ्याची वाइन त्याला आवडली आणि बोनच्या एका व्यापाऱ्यामार्फत तो ती पुढे मागवत राहिला. मर्सोचा दुसरा प्रसिद्ध प्रसंग इथल्या लोकांना तितकासा सांगावासा वाटत नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांची नावे झाकून चाखलेल्या स्पर्धेत कॅलिफोर्नियाची १९७३ सालची शातो मोंतेलेना शार्दोने पहिली आली आणि त्याच सालची एक मर्सो-शार्म दुसरी.

सकाळी ज्या तळघरात आम्ही गेलो, ते बारा-तेरा अंशांचे, काळ्या बुरशीने मखमली झालेल्या भिंतींचे होते. इथे पांढरी वाइन घडते कशी, हे पिंपांच्या रांगेत उभे राहून ऐकण्यासारखे आहे. द्राक्षे तोडून आणताच दाबतात. रस थोडा निवळू देतात आणि मग तो पिंपांत भरून तिथेच आंबवतात. आंबणे संपल्यावर मेलेले यीस्ट तळाशी साक्याच्या रूपाने बसते, आणि वाइन त्या साक्यावरच दहा-बारा महिने, कधी त्याहून अधिक, राहते. दरम्यान हिरव्या सफरचंदातले तीव्र मॅलिक आम्ल जिवाणूंमुळे दुधातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात बदलते. मर्सोचा प्रसिद्ध लोण्यासारखा गोडवा थोडा यातून येतो, थोडा साक्यातून आणि थोडा ओकच्या लाकडातून. पूर्वी काठीने साका वारंवार ढवळत असत; अलीकडे बरेच जण ते कमी किंवा बंद करतात, कारण ढवळल्याने वाइन जाड होते आणि तिला हवाही अधिक लागते.

मालकीणबाईंनी काचेच्या नळीने एकामागोमाग एक पिंपातून थोडी थोडी वाइन काढून पेल्यात सोडली. गावपातळीची, म्हणजे प्रमिए क्रूच्या खालच्या दर्जाची आणि गावाच्या नावाने विकली जाणारी मर्सो : भाजलेले हेझलनट, पिवळे सफरचंद, आणि कढवायला ठेवलेले लोणी पांढरा फेस धरू लागते तेव्हाचा वास. शार्म : अधिक गोलाई, पीच फळ, मऊ बूड. पेरिएर : वासात अगोदर विझवलेल्या काडीचा धूर आणि मग लिंबू. काडीचा हा वास गंधकाच्या संयुगांचा. वाइन हवेपासून दूर, साक्यावर वाढली की तो येतो. काही जणांना तो दोष वाटतो, आणि अती झाल्यावर तो दोषच असतो, पण पेरिएरमध्ये त्याने लोण्याला शिस्त लावली होती. पेल्यात उरलेली वाइन बाईंनी पुन्हा पिंपात ओतली. एवढ्या किमतीच्या वाइनला पिकदाणी दाखवणे त्यांच्या जिवावर आले असावे.

मर्सोविषयी एक तक्रार नोंदवली पाहिजे, आणि ती साऱ्या पांढऱ्या बर्गंडीलाच लागू आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या कित्येक वाइन, ज्यांनी पंधरा-वीस वर्षे सहज टिकायला हवे होते, त्या सहा-आठ वर्षांतच तपकिरी होऊन शेरीसारख्या, जून सफरचंदासारख्या वासाच्या निघू लागल्या. एकाच खोक्यातली एक बाटली उत्तम, तर शेजारची गेलेली. बुचांचा दर्जा, गंधकाचे घटवलेले प्रमाण, दाबणीची बदललेली यंत्रे अशी अनेक कारणे पुढे आली. एकच एक दोषी सापडला नाही. त्यानंतर अनेकांनी बुचाच्या चुऱ्यापासून बनवलेली, शुद्ध केलेली नवी बुचे घेतली, काहींनी बाटलीच्या तोंडावर मेण लावले. जुन्या मर्सोसाठी मोठी रक्कम मोजताना अजूनही छातीत थोडी धडधड होते, असे दाजी म्हणाले, आणि त्यांनी ती मोजलेली आहे.

शुक्रवार : प्युलिन्यी आणि शासान्य

ज्या दिवसासाठी हा सारा खटाटोप होता, तो हा. मर्सोच्या दक्षिणेला प्युलिन्यी आणि त्यापुढे शासान्य ही दोन गावे लागून आहेत. दोघांनीही १८७९मध्ये आपल्या नावापुढे मोंराशे या सामाईक मळ्याचे नाव जोडून घेतले. मळा लहान, आठ हेक्टरांचा, आणि त्याची वाटणी दोन्ही गावांत जवळपास निम्मी-निम्मी झालेली.

सकाळी आठला आम्ही प्युलिन्यीहून मळ्यांमधल्या अरुंद रस्त्याने चालत गेलो. एका हाताला बुटकी दगडी भिंत आणि तिच्या पलीकडे मोंराशे. दुसऱ्या हाताला, रस्त्याच्या खालच्या अंगाला, बातार-मोंराशे. मोंराशेच्या वरच्या बाजूला शव्हालिए-मोंराशे. बियँव्हन्यू-बातार आणि क्रिओ-बातार हे दोन धाकटे तुकडे धरून पाच ग्राँ क्रू इथे एका नजरेत मावतात. उंचीतला फरक फार नाही, आणि उतारही बराचसा सौम्य आहे. तरी वर शव्हालिएत माती पातळ आणि दगड अधिक. खाली बातारमध्ये माती खोल, चिकण आणि ओल धरणारी. मधल्या मोंराशेत चुनखडीवर माफक माती, पूर्व-आग्नेयेकडून येणारे सकाळचे ऊन आणि उत्तम निचरा. जिथे पाऊस पडल्यावर वेलींच्या मुळांशी पाणी साचत नाही आणि तरीही कडक उन्हाळ्यात ती कोरडी पडत नाहीत, अशी ही पट्टी आहे. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांपासून पुढे कित्येक पिढ्यांनी नुसत्या चाखण्याच्या बळावर या पट्ट्या आखल्या, १८६१मध्ये बोनच्या कृषी समितीने त्या नकाशावर उतरवल्या आणि १९३०च्या दशकात त्यांना कायद्याचा आधार मिळाला. हे क्लिमा, म्हणजे नाव आणि सीमा असलेले मळ्यांचे तुकडे, २०१५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांची संख्या १,२४७ आहे.

आठ हेक्टरांचा मळा एका मालकाचा असेल, असे वाटण्याची शक्यता आहे, पण फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जप्त झालेल्या जमिनी विकल्या गेल्या आणि नंतरच्या वारसा कायद्याने मुलांत समान वाटण्या होत गेल्या, त्यामुळे मोंराशेत आज दीड डझनाच्या आसपास मालक आहेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावांची रांग वाढत जाते, तशीच ही गत. सर्वांत मोठा तुकडा मार्की द लागिश घराण्याचा, दोन हेक्टरांहून थोडा अधिक. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी आहेत. लेबलवर मळ्याचे नाव तेच, पण वाइन करणारा वेगळा. म्हणून इथे उत्पादकाचे नाव मळ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, पाहावे लागते. सामान्य हातांतून निघालेल्या मोठ्या नावाच्या वाइनपेक्षा चांगल्या हातांतून निघालेली गावपातळीची वाइन बरी, हे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

मोंराशेची बाटली बहुधा हजार युरोंच्या पुढे असते, आणि ती विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. दाजींच्या एका जुन्या ओळखीमुळे शासान्यच्या एका तळघरात आम्हाला पिंपातली बातार आणि बाटलीतली दहा वर्षे जुनी मोंराशे चाखायला मिळाली. आधी गावपातळीची प्युलिन्यी दिली : पांढरी फुले, लिंबू, ताठ कणा. मर्सोत जी रुंदी होती, ती इथे उंची झाली होती. मग बातार : पहिल्याच घोटाला तोंड भरून टाकणारी, मधाची, भाजलेल्या बदामाची, किंचित अवजड. एवढ्या मोठ्या वाइनला अवजड म्हणणे उद्धटपणाचे वाटेल, पण पिंपातली, अजून न स्थिरावलेली वाइन होती आणि मला ती तशी वाटली.

त्यानंतर मोंराशे. पेल्यात पडताच तिने फारसे काही दिले नाही. रंग जुन्या सोन्याचा, वास बंद. मालकांनी पेले टेबलावर ठेवायला सांगितले आणि ते गेल्या हिवाळ्यातल्या छाटणीविषयी बोलत राहिले. पाऊण तासानंतर आम्ही पुन्हा उचलले. आता वासात मध होता, सुकलेले जर्दाळू होते, ओल्या भूछत्रांचा दर्प होता, आणि यांतले एकही दुसऱ्याच्या पुढे येत नव्हते. तोंडात घेतल्यावर बातारचा भरदारपणा तिच्यात होता, पण वजन नव्हते; आंबटपणा होता, पण तो वेगळा काढून दाखवता येत नव्हता. आणि मग ती लांबी. आम्ही तिघेही न ठरवता गप्प झालो. मी मनातल्या मनात सेकंद मोजू लागलो आणि काही वेळाने मोजणे सोडून दिले, कारण चव संपत नव्हती, ती बदलत होती : आधी लिंबू, मग बदाम, मग काहीतरी खारट. शाब्लीत ले क्लोने जे एका सरळ रेषेत दाखवले होते, तेच इथे सर्व बाजूंनी भरून आले होते. थोर पांढरी बर्गंडी ओळखायची ती पहिल्या वासावरून नव्हे, तर गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटावरून, हे मला तिथे पूर्णपणे पटले. किमतीला ती पात्र आहे का, या प्रश्नाचे उत्तर ताईने दिले.

“घोट पात्र आहे रे, बाटली नाही,” ती म्हणाली.

शनिवार : कोर्तोंची टेकडी

शनिवारी बोनला बाजार भरतो. कोंते आणि एप्वास हे दोन चीज, गूजेर नावाचे चीजचे फुगीर गोळे आणि ब्रेड अशी खरेदी केली. एप्वास पांढऱ्या वाइनबरोबर चालत नाही. त्याचा उग्र वास तिला मारतो. जुना कोंते मात्र मर्सोचा सोबती आहे. दाजी शाकाहारी असल्यामुळे सर्व दिवस त्यांच्यावर कोंते आणि गूजेर यांचाच मारा झाला, आणि शेवटी सर्वांत अचूक टिपणे त्यांचीच निघाली.

दुपारी उत्तरेला कोर्तोंच्या टेकडीला प्रदक्षिणा घातली. माथ्यावर रान, खाली चहूबाजूंनी वेली. सम्राट शार्लमेनने इथले मळे ७७५मध्ये सोल्यूच्या मठाला दिले. लाल वाइनने पांढरी दाढी डागाळते म्हणून त्याच्या बायकोने पांढरी द्राक्षे लावायला लावली, ही गोष्ट प्रत्येक जण हसत सांगतो आणि कोणीही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. कोर्तों-शार्लमान्य ही ग्राँ क्रू टेकडीच्या वरच्या, फिक्या मातीच्या भागातून येते. पेर्नां गावाकडची बाजू पश्चिमेकडे वळलेली असल्यामुळे तिथली द्राक्षे उशिरा पिकतात, आणि वाइन तरुणपणी दगडासारखी कठीण असते. आम्ही चाखलेली तीन वर्षांची होती. तिच्याविषयी मत देणे अन्यायाचे ठरेल.

त्या संध्याकाळी अलिगोते या बर्गंडीच्या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन घेतली. कासिस, म्हणजे ब्लॅककरंट, या फळाचे मद्य घालून केलेले तिचे पेय दिजोंचे महापौर फेलिक्स कीर यांच्या नावाने जगभर गेले, आणि त्यामुळे नुसती अलिगोते कोणी मनावर घेत नाही. ती घेण्यासारखी आहे, विशेषतः बूझरों गावची, जिथे १९९८पासून तिला स्वतःचा गावदर्जा आहे.

रविवार : सोल्यूत्रे आणि घर

ल्योंच्या परतीच्या वाटेवर माकों लागते आणि तिथे बर्गंडी एकदम दक्षिणेकडची होते. कौले पसरट आणि लाल होतात, ऊन जड वाटते. शार्दोने नावाचे खेडेही याच भागात आहे. ४९३ मीटर उंचीचा सोल्यूत्रेचा कडा जहाजाच्या नाळेसारखा मळ्यांवर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी अश्मयुगीन शिकाऱ्यांनी मारलेल्या घोड्यांच्या हाडांचा प्रचंड थर सापडला आहे, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितेराँ दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला तो चढत असत. आम्हीही चढलो. वरून व्हर्जिसों, फुइसे आणि शँत्रे ही गावे आणि त्यांच्यामधला पुयी-फुइसेचा सारा मुलूख दिसतो.

या मुलखातल्या २२ क्लिमांना २०२० सालच्या वाइनपासून प्रमिए क्रू दर्जा मिळाला, तोवर इथे तो दर्जाच नव्हता. व्हर्जिसोंच्या एका उत्पादकाकडे दोन पुयी-फुइसे चाखल्या. एक गावाच्या सखल भागातली : अननस, पिकलेले नाशपाती, गोडसर आणि लवकर संपणारी. दुसरी कड्याखालच्या, थंड, चुनखडीच्या तुकड्यातली; आणि हिच्यात प्युलिन्यीचा ताठ कणा पुरेसा स्पष्ट होता. लांबी मोंराशेची नव्हती. पण मोंराशेच्या किमतीचा विसावा हिस्साही मोजावा लागला नाही, आणि ती तिथल्या तिथे, दुपारच्या ट्राउट माशाबरोबर पिता आली, हे तिच्या बाजूने.

भारतात परतताना एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोनच बाटल्या. कोणत्या, यावर ल्योंपर्यंत चर्चा चालली. शाब्ली घ्यावी असा ताईचा आग्रह होता, पण मुंबईच्या उन्हाळ्यात ती ठेवायला माझ्याकडे थंड तळघर नाही, आणि घरच्या साध्या शीतकपाटात वाइन फार काळ ठेवणे बरे नव्हे. शेवटी व्हर्जिसोंच्या कड्याखालची पुयी-फुइसे आणि मालकीणबाईंची गावपातळीची मर्सो अशा दोन बाटल्या घेतल्या. पहिली गणपतीनंतर पाहुण्यांसाठी उघडायची ठरली आहे. दुसरी डिसेंबरमध्ये ताई-दाजी येतील तेव्हा, बादलीशिवाय, मोठ्या पेल्यांत.